खुर्ची विकणाऱ्याने बसायचे नाही काय?

ईस्टरनंतरच्या दिवसांत घरांना आशीर्वाद देण्यासाठी आम्ही धर्मग्रामात घरोघर फिरतो. पवित्र पाण्याचा शिडकावा, प्रार्थना, चहा आणि मग मुलाबाळांची विचारपूस असा त्या भेटीचा ठरलेला क्रम असतो. अमरावतीच्या अशाच एका घरी एका मातेने आपल्या तीन मुलांची हकिकत सांगितली. थोरली परिचारिका आहे, हे तिने मोठ्या आवाजात सांगितले. मधला पुण्याला कंपनीत आहे, हेही तसेच. धाकट्याविषयी विचारले तेव्हा तिने बशीतला चहा उगाच हलवला आणि हळूच म्हणाली, "तो काय फादर, दुकानात उभा रायते."

हे वाक्य आम्ही प्रथमच ऐकत होतो असे नाही. अकोल्यातही ऐकले आहे, आणि लग्न जमवायला आलेल्या मंडळींच्या तोंडून तर फारच वेळा. मुलगा काय शिकला, काय विकतो, त्याला कशातले काय कळते, हे सारे गिळून टाकून हे वाक्य त्याचे दोन पाय तेवढे शिल्लक ठेवते. आमचे भांडण या वाक्याशी आहे. पण त्याहून मोठे भांडण आहे ते या गोष्टीशी की, हे वाक्य अक्षरशः खरे आहे. मुलगा खरोखरच उभा राहतो. सकाळी दहा ते रात्री साडेनऊ, मध्ये डबा खाण्यापुरती सवड.

तो ज्या दुकानात आहे तेथे खेळाचे आणि भटकंतीचे साहित्य मिळते. पुढच्या भागात क्रिकेटच्या बॅटी, बॅडमिंटनच्या रॅकेटी, शाळांना लागणारी लेझीम आणि डंबेल्स; आतल्या भागात तंबू, सॅक, चढाईचे बूट, स्लीपिंग बॅगा, डोक्याला बांधायच्या बॅटऱ्या. आमच्या तरुणपणी असे दुकान वऱ्हाडात चालले नसते. चिखलदऱ्याला निघालेले कुटुंब घरातली सतरंजी आणि पोळीभाजीचा डबा बरोबर घेई, की झाली तयारी. आता पावसाळ्यातल्या सुट्ट्यांना गाविलगडाकडे, नरनाळ्याकडे तरुणांची रीघ लागते, आणि निघण्यापूर्वी ती रीघ या दुकानातून जाते.

मुलगा शारीरिक शिक्षणाचा पदवीधर आहे. अमरावतीत याचे नवल नाही. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये येथे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. तेव्हापासून या गावाने देशाला क्रीडाशिक्षक पुरविले. आज पदवी आहे, शिट्टी आहे, पण शाळेत जागा नाही. मग तो क्रीडाशिक्षक मैदानावर न जाता काउंटरमागे उभा राहतो.

एका सायंकाळी आम्ही त्या दुकानात गेलो. गिऱ्हाइकाने बूट घालून पाहावेत म्हणून ठेवलेल्या बाकावर तासभर बसलो. तो अर्थातच उभा होता. त्या तासाभरात आम्ही जे पाहिले ते त्याच्या मातेने पाहावयास हवे होते. एक गृहस्थ मुलाला शिबिरासाठी सॅक घ्यावयास आले आणि "सगळ्यांत मोठी दे, पैशाची काळजी नको" म्हणाले. याने मुलाला पाठमोरे उभे केले. मानेच्या तळाशी हाताला लागणाऱ्या हाडापासून कमरेच्या हाडापर्यंत फीत धरून पाठ मोजली, आणि मोठी सॅक बाजूला सारून लहान काढली. ओझे खांद्याने वाहायचे नसते, कमरेच्या पट्ट्याने ते कंबरेवर घ्यायचे असते, हे त्याने सॅकमध्ये वजन भरून, पट्टे आवळून, मुलाला दुकानात दोन फेऱ्या मारायला लावून पटवून दिले. त्याने स्वस्त वस्तू विकली, मालकाचे दोन पैसे कमी केले आणि एका कोवळ्या पाठीचे रक्षण केले. पुढच्याला त्याने सांगितले की बूट सायंकाळी घ्यावेत, दिवसभरात पाय थोडे सुजतात. आणि बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा सोडावी, नाहीतर उतार उतरताना नखे काळी पडतात. तिसऱ्या एकाला दोर हवा होता. "कशाले पायजे?" हा प्रश्न त्याने तीन वेळा विचारला. चढणाऱ्याला बांधायचा दोर थोडा ताणला जाणारा लागतो, म्हणजे पडला तर हिसका बसत नाही. ओझे उतरवायचा दोर न ताणणारा. एकाच्या जागी दुसरा दिला तर माणूस जायबंदी होऊ शकतो.

वाचकहो, यालाच आपण "उभा राहतो" म्हणतो. वकील उभा राहूनच युक्तिवाद करतो. आम्ही धर्मगुरूही वेदीपाशी आणि व्याख्यानपीठाशी उभेच असतो. आम्हांला कोणी "चर्चमध्ये उभे राहतात" असे म्हटल्याचे स्मरत नाही.

मग आमच्यासमोर ती घडीची खुर्ची आली. तंबूबाहेर टाकून बसण्याची, कापडी, हातावर पेला ठेवायला जाळीचा कप्पा असलेली. खुर्ची दाखविताना तो फार छान बोलला: दिवसभर चालून आल्यावर पाठ कशी टेकते, मांडीखाली कापड कसे आवळत नाही. आम्ही म्हणालो, "बसून दाखव बरे." तो हसला. वर छतात बसविलेल्या कॅमेऱ्याकडे त्याने एकदा पाहिले आणि म्हणाला, "मले नाई बसता येत, फादर. तुमी बसा ना." चार वर्षांत त्याने अशा किती खुर्च्या विकल्या असतील देव जाणे; दुकानाच्या वेळेत तो एकदाही त्यांतल्या एकीवर टेकलेला नाही. ओट्यावर टेकला म्हणून एकदा त्याचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेल्याचे त्याने आम्हांला सांगितले. रात्री घरी गेल्यावर तो पाय भिंतीला लावून पडतो. पोटऱ्यांवर फुगलेल्या निळ्या शिरा आम्ही पाहिल्या. त्याचे वय अठ्ठावीस आहे.

येथे आमच्या स्वतःच्या अपराधाचीही कबुली देणे प्राप्त आहे. याच मुलाला दोन वर्षांपूर्वी आम्ही रविवारच्या मिस्साला तो दिसत नाही म्हणून चारचौघांत बोल लावला होता. तो काही बोलला नाही. नंतर कळले की रविवार हा त्या दुकानाचा सर्वांत गर्दीचा दिवस. शनिवारच्या सायंकाळच्या मिस्साच्या वेळीही तो काउंटरवरच असतो. आणि त्या रविवारी मिस्सा आटोपून, प्रवचन ऐकून, चर्चच्या फाटकातून जी कुटुंबे बाहेर पडली त्यांतली काही थेट त्याच्याच दुकानात गेली होती. त्याला कामाला जुंपणारे आपणच, आणि तो आला नाही म्हणून नाक मुरडणारेही आपणच.

दुसरी गोष्ट याहून लाजिरवाणी आहे. आमच्या युवक मंडळाने चिखलदऱ्याच्या शिबिरासाठी बूट घ्यायचे ठरविले. बारा जण त्याच्या दुकानात गेले. त्याने बारा जोड्या पायांची मापे घेतली, कुणाचा तळवा सपाट आहे, कुणाला रुंद बूट लागेल ते सांगितले. मंडळी "विचार करून सांगतो" म्हणून बाहेर पडली आणि कोपऱ्यावर उभे राहून मोबाइलवरून तेच बूट शंभर-दोनशे रुपये स्वस्त मागविले. त्याचे ज्ञान फुकट घेतले, दाम दुसऱ्याला दिले. त्या महिन्याचे विक्रीचे उद्दिष्ट त्याला गाठता आले नाही. बाजारात याला हुशारी म्हणतात. आम्ही याला चोरी म्हणतो, आणि ज्या बारा जणांनी ती केली त्यांच्यापैकी अनेकजण हे अंक वाचतात हे ठाऊक असून म्हणतो.

रविवारचा विषय निघालाच आहे तर थोडा इतिहास आठवावा. कामगारांच्या हक्कांचा प्रश्न निघाला की आपण कॅथलिक अभिमानाने पोप तेरावे लिओ यांच्या १८९१ च्या विश्वपत्राचा दाखला देतो. दाखला योग्यच आहे. परंतु ते विश्वपत्र मे १८९१ मध्ये निघाले, आणि मुंबईच्या गिरणीकामगाराला रविवारची सुट्टी त्याआधी जवळजवळ वर्षभर, १० जून १८९० रोजी मिळाली होती. ती मिळवून दिली नारायण मेघाजी लोखंडे यांनी, महात्मा फुले यांच्या सत्यशोधक सहकाऱ्याने. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या काय होत्या? आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाच्या वेळेला मर्यादा, पगार वेळेवर. २४ एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजारांचा समुदाय जमला होता आणि त्यात दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. ज्या रविवारी आपण निश्चिंतपणे प्रभूच्या मंदिरात येतो त्या रविवारसाठी आपण एका अख्रिस्ती सुधारकाचे ऋणी आहोत. आणि लोखंड्यांनी मागितलेला तो दुपारचा अर्धा तास अमरावतीच्या काउंटरमागे उभ्या असलेल्या कित्येक मुलांना आजही नीट मिळत नाही.

"पूर्वी आमच्याकडे असे नव्हते" असे जुनी मंडळी म्हणतील. अर्धे खरे आहे. जुन्या कापडपेठेत पांढरी चादर अंथरलेली गादी असे. शेठजी तक्क्याला टेकून, गुमास्ता मांडी घालून, गिऱ्हाईकही मांडी घालून. ठाण उलगडायचे ते बसल्या जागी. खरेदीला बैठक लागत असे. गुमास्त्याच्या कामाच्या तासांना धरबंध नव्हता आणि शेठजींची जीभही सैल असे, त्यामुळे त्या काळाचे गोडवे आम्ही गाणार नाही. पण त्याला बसू दिले जात होते. शोरूम आली, काच आली, वातानुकूलन आले, आणि बसण्याची बंदी आली. गंमत पाहा, दुकानाच्या परवान्याला लोक अजून "गुमास्ता लायसन्स" म्हणतात. तो कागद चौकटीत घालून मालकाच्या डोक्यावर टांगलेला असतो, आणि ज्याच्या नावाने तो ओळखला जातो तो गुमास्ता खाली उभा असतो.

कायदा काय म्हणतो? १९४८ च्या जुन्या कायद्याच्या जागी महाराष्ट्राने २०१७ मध्ये दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा केला आणि १९ डिसेंबर २०१७ पासून तो अमलात आणला. त्याने दुकाने वर्षाचे सर्व दिवस उघडी ठेवण्याची मुभा दिली. त्याच्या बदल्यात कामगाराला रोज नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा, सलग पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती, आठवड्यात एक पूर्ण सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दर ठरवून दिला. परंतु हे संरक्षण दहा किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांपुरते होते. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यात बदल मंजूर केले: रोजचे तास नवाचे दहा, आणि कायदा लागू होण्याचा उंबरठा दहा कामगारांवरून वीस. आपल्या राजकमल चौकात, अकोल्याच्या गांधी रोडवर, टिळक रोडवर एक फेरी मारा आणि वीस नोकर असलेली दुकाने मोजून पाहा. एका हाताची बोटे पुरतील असे आम्हांला वाटते. सहा-सात मुले ठेवणारा दुकानदार पूर्वीही या कायद्याच्या बाहेर होता. आता पंधरा ठेवणाराही बाहेर. उद्योगस्नेही धोरण असे याचे नाव आहे. स्नेह उद्योगाशी, उद्योग ज्याच्या पायांवर उभा आहे त्याच्याशी नाही.

बसण्याविषयी बोलायचे तर कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यात, चव्वेचाळिसाव्या कलमात, उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय लिहिलेली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या कामगार संहितेतही ती तरतूद आहे, आणि दहा कामगारांच्या आस्थापनांना ती लागू पडते. म्हणजे कागदावर खुर्ची आहे. काउंटरमागे नाही.

ही खुर्ची कागदावरून खाली कशी उतरते, हे केरळातील स्त्रियांनी दाखविले. कोझिकोडच्या मिठाई गल्लीतील कापडदुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांना दिवसभर बसण्याची बंदी होती, आणि स्वच्छतागृहाची सोय नसल्याने त्या पाणीच पीत नसत. विजी नावाच्या एका शिंपीकाम करणाऱ्या बाईंनी त्यांना 'पेनकूट्टू' या संघटनेत एकत्र आणले. वर्षानुवर्षे झगडल्यावर २०१८ मध्ये केरळ सरकारने आपला दुकान कायदा सुधारून बसण्याचा हक्क त्यात घातला. तामिळनाडूने २०२१ मध्ये तेच केले. अकोल्याच्या एका कापडदुकानात काम करणाऱ्या आमच्या परिचयाच्या भगिनीला आम्ही हे सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "म्हंजे पाणी न पेणं फक्त आमचंच नाई तं." अकोल्याचा मे महिना ज्यांनी काढला आहे, पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या वाक्याचा अर्थ उलगडून सांगावा लागणार नाही.

"पण फादर, हे सारे गरीब देशांचे रडगाणे," असे आमच्या एका व्यापारी स्नेह्यांनी ऐकविले. तसे नाही. भटकंतीच्याच साहित्याचे उदाहरण घ्या. अमेरिकेत सिअॅटल शहरी १९३८ मध्ये लॉइड आणि मेरी अँडरसन या गिर्यारोहक दांपत्याने मित्रांसह एक ग्राहक सहकारी संस्था काढली, आर. ई. आय. या नावाने आज ती प्रसिद्ध आहे. २०१५ मध्ये तिने थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशीच्या शुक्रवारी आपली सर्व दुकाने बंद ठेवली आणि नोकरांना भरपगारी सुट्टी देऊन डोंगरात जायला सांगितले. तो शुक्रवार म्हणजे तिकडच्या बाजाराचा लक्ष्मीपूजनाचा दिवस. इतकी भली संस्था! तरीही मार्च २०२२ मध्ये तिच्या न्यूयॉर्कच्या दुकानातील नोकरांनी अठ्ठ्याऐंशी विरुद्ध चौदा मतांनी संघटना स्थापन केली. मालकाचे भलेपण आणि कामगाराचा हक्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कळले होते. जर्मनीत तर मोठ्या दुकानांतील रोखपाल बसूनच हिशेब करतात; त्यामुळे तेथील व्यापार बुडाल्याचे कुणी ऐकले आहे काय?

या स्नेह्यांचा खरा आक्षेप निराळा होता, तो शेवटी बाहेर आला. "नोकर बसलेला दिसला तर गिऱ्हाइकाला अपमान वाटतो." हाच खरा रोग आहे आणि तो मालकाचा नाही, आमचा-तुमचा आहे. कुणीतरी आपल्यापुढे उभे असल्याखेरीज आपण मोठे झालो असे आपल्याला वाटत नाही. जातीच्या उतरंडीत शतकानुशतके हेच झाले: कुणी ओसरीवर बसायचे, कुणी अंगणात उभे राहायचे. आपल्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे त्या अंगणात उभे होते. त्यांच्या नातवंडांना काउंटरच्या अलीकडच्या बाजूला आल्यावर पलीकडच्याचे पाय दिसू नयेत, याचे आम्हांला दुःखापेक्षा आश्चर्य अधिक वाटते.

दुकानदारांची बाजू आम्हांला कळत नाही असे नाही. भाडे वाढले, मोबाइलवरच्या विक्रीने गिऱ्हाईक पळविले, पावसाळा कोरडा गेला तर रेनकोटांचे गठ्ठे पडून राहतात. पण साध्या प्लास्टिकच्या स्टुलाची किंमत त्याच दुकानातील मोज्यांच्या एका चांगल्या जोडीएवढी असेल. गिऱ्हाईक नसताना दहा मिनिटे टेकलेला मुलगा गिऱ्हाईक आल्यावर अधिक प्रसन्नपणे उठतो. ज्याचे पाय ठणकत नाहीत तो दुसऱ्याच्या पायाचे माप नीट घेतो. यात व्यापाराचे नुकसान कोठे आहे ते आम्हांला कोणी दाखवून द्यावे.

आमच्या धर्मग्रामातही दुकाने असलेली कुटुंबे आहेत. नावे घेत नाही. त्यांच्याकडे आम्ही स्वतः जाऊन काउंटरमागे वाकून पाहणार आहोत, आणि तसे आधीच कळवून ठेवीत आहोत. युवक मंडळाच्या बारा जणांनी पुढची खरेदी कोठून करायची ते त्यांना सांगितले आहे. त्यांतल्या चौघांनी मान डोलावली, बाकीच्यांनी पायाकडे पाहिले.

आणि एक साधन आमच्या हाती आहे. जूनच्या अखेरीस वऱ्हाडातील शाळा उघडतात तेव्हा आमच्या शाळा चेंडू, जाळी, लेझीम, डंबेल्स असे बरेच साहित्य एकगठ्ठा घेतात. या वर्षी मुख्याध्यापिका सिस्टरांनी आमच्या विनंतीवरून तीन दुकानांना दरपत्रक मागविताना खाली एक ओळ वाढविली आहे: आपल्या दुकानातील कामगारांना बसण्याची सोय आहे काय, आणि दुपारची सुट्टी किती? दोन दुकानांनी दर पाठविले, ती ओळ मात्र कोरी ठेवली. तिसऱ्याने दूरध्वनी करून विचारले की ही ओळ चुकून पडली आहे काय. सिस्टरांनी नाही म्हणून सांगितले. त्यांचे उत्तर यावयाचे आहे. तोवर खरेदी थांबविली आहे.